समोरचा दात गेला, पण शेजारचे का तासावे? कमीत कमी छेद देऊन बसविल्या जाणाऱ्या ‘मेरीलँड ब्रिज’विषयी

तोंडातील दाढ पडली तर ती गोष्ट बहुधा घरापुरतीच राहते. समोरचा दात पडला की मात्र ती चारचौघांत जाते. बोलताना, हसताना, छायाचित्र काढताना ती पोकळी लपत नाही. ‘त’, ‘द’, ‘स’ यांसारख्या वर्णांच्या उच्चारासाठी जिभेला समोरच्या दातांचा आधार लागतो. तो नसला की हवा फटीतून निसटते आणि शब्द बोबडे होतात. घास तोडण्याचे काम इतर दातांवर येते. पोकळी दीर्घकाळ तशीच राहिली तर शेजारचे दात तिच्याकडे झुकू लागतात, समोरासमोरचा दात आपल्या जागेवरून खाली किंवा वर सरकतो आणि दात गेलेल्या जागेचे हाड हळूहळू झिजते. त्यामुळे समोरचा दात पुन्हा बसविणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नसतो.

हा दात बसविण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांतील एक मार्ग असा आहे की त्यात शेजारच्या निरोगी दातांना जवळजवळ धक्का लागत नाही. दंतवैद्यकात त्याला रेझिनने चिकटविलेला ब्रिज म्हणतात. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात त्याचे एक महत्त्वाचे रूप विकसित झाल्यामुळे तो ‘मेरीलँड ब्रिज’ या नावाने अधिक ओळखला जातो. तंत्र जुने आहे, संशोधनाची जोड भक्कम आहे. तरीही पुष्कळ रुग्णांना उपचार ठरविण्याच्या वेळी हा पर्याय ठाऊक नसतो. तासलेला दात पूर्ववत होत नाही, म्हणून त्याची माहिती आधीच असणे हिताचे.

नेहमीच्या ब्रिजची किंमत शेजारचे दात मोजतात

एक दात गेल्यावर सर्वांना परिचित असलेला उपाय म्हणजे तीन दातांचा ब्रिज. त्यात पोकळीच्या दोन्ही बाजूंचे दात चोहोबाजूंनी तासून लहान केले जातात, त्यांवर टोप्यांसारख्या कॅप बसतात आणि मधला कृत्रिम दात त्या दोन कॅपना जोडलेला असतो. ब्रिज मजबूत होतो, दिसतोही चांगला. परंतु त्यासाठी दोन दातांचे मोठे बलिदान द्यावे लागते. डॅनियल एडेलहॉफ आणि जॉन सोरेन्सन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार, पूर्ण कॅपसाठी दाताच्या हिरडीवरील भागाचा वजनाने सुमारे ६३ ते ७२ टक्के हिस्सा काढावा लागतो. व्हिनिअर आणि रेझिनने चिकटविण्याच्या ब्रिजसाठी हेच प्रमाण सुमारे ३ ते ३० टक्के भरते.

या आकड्यांचा अर्थ समजण्यासाठी दाताची रचना लक्षात घ्यावी लागते. बाहेरचे पांढरे कठीण आवरण म्हणजे एनॅमल. ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे, पण एकदा गेले की शरीर ते पुन्हा तयार करीत नाही. त्याखाली डेंटिन हा तुलनेने मऊ थर असतो आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गाभा. दात खोलवर तासला की गाभ्यापर्यंतचे अंतर कमी होते. काही दातांत पुढे गाभ्याला सूज येते, तो मरतो आणि रूट कॅनाल करावे लागते. तरुण वयात गाभा मोठा असतो, त्यामुळे हा धोका अधिक. म्हणजे गेलेल्या एका दाताची भरपाई करताना कधीकाळी आणखी दोन दात आजारी पडू शकतात. शेजारच्या दातांना आधीच मोठी कीड लागली असेल, त्यांत मोठी भरणी असतील किंवा त्यांना तसेही कॅप लागणारच असतील, तर नेहमीचा ब्रिज योग्य ठरतो. शेजारचे दात अखंड, स्वच्छ आणि निरोगी असतील तर मात्र ते तासण्यापूर्वी दहादा विचार करायला हवा.

पंखाच्या आधारावर उभा दात

मेरीलँड ब्रिजची रचना साधी आहे. मधोमध कृत्रिम दात आणि त्याला जोडलेला एक पातळ पंख. हा पंख शेजारच्या दाताच्या मागील, म्हणजे जिभेकडील बाजूवर विशिष्ट रेझिन सिमेंटने चिकटविला जातो. समोरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. पंख धातूचा किंवा झिर्कोनिया या पांढऱ्या, अतिशय मजबूत सिरॅमिकचा असतो. झिर्कोनियाचा पंख साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा ठेवतात. शेजारच्या दातावर फार तर एनॅमलच्या मर्यादेत उथळ खाच घेतात. काही वेळा तीही घेत नाहीत. बहुतेकदा भूल देण्याचीही गरज पडत नाही, कारण एनॅमलमध्ये संवेदना नसते.

एवढा पातळ पंख दातावर कसा टिकतो, याचे उत्तर चिकटविण्याच्या रसायनशास्त्रात आहे. १९५५ साली अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिले की एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून धुतल्यास त्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे तयार होतात आणि रेझिन त्यांत शिरून घट्ट पकड घेते. पुढे राफेल बोवेन यांनी विकसित केलेल्या रेझिनमुळे आजच्या दाताच्या रंगाच्या भरण्यांचा पाया घातला गेला. १९७३ साली फ्रान्समधील अ‍ॅलन रोशेट यांनी हलणाऱ्या दातांना आधार देण्यासाठी भोके पाडलेली धातूची पट्टी दातांच्या मागे रेझिनने चिकटविली. १९७७ साली हाऊ आणि डेनेही यांनी हेच तत्त्व समोरचा दात बसविण्यासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. भोकांतून बाहेर आलेले रेझिन झिजत असे, म्हणून मेरीलँड विद्यापीठातील लिवाडिटिस आणि थॉम्पसन यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी धातूच्या आतील पृष्ठभागावरच विद्युत-रासायनिक पद्धतीने सूक्ष्म खाचा निर्माण केल्या. तिथून ‘मेरीलँड ब्रिज’ हे नाव रूढ झाले.

आज ती विद्युत-रासायनिक प्रक्रिया बहुधा वापरात नाही. त्याऐवजी पंखाच्या आतील बाजूवर ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांचा मारा करून ती खरखरीत केली जाते आणि धातूशी तसेच झिर्कोनियाशी रासायनिक बंध जोडणारे ‘एमडीपी’ नावाचे द्रव्य असलेले प्रायमर किंवा सिमेंट वापरले जाते. नाव जुने राहिले, आतले तंत्र बदलले.

दोन पंखांपेक्षा एक बरा

पूल म्हटला की त्याला दोन्ही तीरांवर आधार हवा, असे कोणालाही वाटेल. सुरुवातीला दंतवैद्यांनाही तसेच वाटले. म्हणून जुने मेरीलँड ब्रिज दोन पंखांचे असत. अनुभवाने मात्र उलटे शिकविले. दात हाडात सिमेंटने रोवलेले नसतात. मुळाभोवतीच्या तंतूंच्या झोळीत ते किंचित झुलत असतात. चावताना प्रत्येक दात आपापल्या दिशेने सूक्ष्म हालतो. दोन दात एका कडक पट्टीने बांधले की ही ओढाताण चिकटलेल्या जागेवर येते आणि एक पंख सुटतो. दुसरा पंख घट्ट असल्यामुळे ब्रिज खाली पडत नाही आणि रुग्णाला काही कळतही नाही. सुटलेल्या पंखाखाली अन्नकण व जंतू साचतात आणि तिथला निरोगी दात गुपचूप किडतो.

एकच पंख असलेल्या ब्रिजमध्ये कृत्रिम दात एकाच शेजाऱ्याबरोबर हालतो, ओढाताण होत नाही. तो सुटलाच तर पूर्ण सुटून हातात येतो, म्हणजे बिघाड लगेच लक्षात येतो. जर्मनीतील कील विद्यापीठाचे माथियास केर्न यांनी समोरच्या सिरॅमिक ब्रिजांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दहा वर्षांनंतर दोन पंखांचे सुमारे ७४ टक्के ब्रिज टिकून होते, तर एका पंखाचे सुमारे ९४ टक्के. झिर्कोनियाच्या एका पंखाच्या ब्रिजांविषयी २०१७ साली त्यांच्या गटाने दिलेला दहा वर्षांचा आकडा सुमारे ९८ टक्के आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल दंत रुग्णालयात बसविलेल्या ७७१ ब्रिजांच्या अभ्यासात दहा वर्षांचे टिकण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्के आढळले. पहिले आकडे काटेकोर निवड केलेल्या रुग्णांचे व तज्ज्ञ हातांचे आहेत, दुसरा मोठ्या रुग्णालयातील सर्वसाधारण कामाचा आहे. दोन्ही एकत्र वाचले तर निष्कर्ष असा निघतो की योग्य रुग्ण आणि काटेकोर काम या दोन गोष्टी जुळल्या तर हा ब्रिज तात्पुरती सोय राहत नाही, वर्षानुवर्षे साथ देतो.

या नियमाला अपवाद आहेत. दात सरळ करण्याच्या उपचारानंतर दोन दात पुन्हा फाकू नयेत म्हणून त्यांना एकत्र बांधणे आवश्यक असेल, तर दंतवैद्य दोन पंखांचा विचार करतात. मात्र त्याचे कारण रुग्णाला समजलेले असावे.

कोणाला हा ब्रिज शोभतो

समजा, फोंड्याची एक विद्यार्थिनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत शिकते आहे. वय १९. वरच्या जबड्यात मधल्या दोन दातांच्या शेजारचा एक पटाशीचा दात तिला जन्मतःच आलेला नाही. हा दात जन्मतः नसणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. अक्कलदाढा सोडल्या तर न येणाऱ्या दातांत त्याचा क्रमांक बराच वरचा लागतो. तारांचा उपचार करून तिच्या तोंडात त्या दाताची जागा मोकळी ठेवलेली आहे. शेजारचे दोन्ही दात अखंड आहेत.

अशा मुलीसाठी इम्प्लांट, म्हणजे हाडात बसविला जाणारा टायटॅनियमचा स्क्रू, हा सहसा पहिला पर्याय नसतो. जबड्याची वाढ सुरू असताना नैसर्गिक दात हाडाबरोबर खाली सरकत राहतात; इम्प्लांट मात्र हाडाला जखडलेला असतो, तो जागचा हलत नाही. परिणामी काही वर्षांनी तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. वरच्या समोरच्या भागात ही सूक्ष्म वाढ विशीनंतरही चालू राहू शकते. नेहमीच्या ब्रिजसाठी तिचे दोन निरोगी दात तासणे म्हणजे पुढील पन्नास-साठ वर्षांच्या दुरुस्त्यांना आमंत्रण. काढघाल करण्याची कवळी काही महिन्यांची सोय म्हणून ठीक. एकोणिसाव्या वर्षी ती कायमची नको वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी एका पंखाचा मेरीलँड ब्रिज हा फार सयुक्तिक मार्ग ठरतो. पुढे तिशीत इम्प्लांट करावेसे वाटले तर ते दार बंद झालेले नसते, कारण शेजारचे दात जवळजवळ जसेच्या तसे असतात.

परंतु प्रत्येकाच्या तोंडात हा ब्रिज टिकेलच असे नाही. पंख ज्या दातावर चिकटवायचा त्यावर भरपूर, निरोगी एनॅमल हवे. तो दात हलणारा नसावा. मोठी भरणी असलेला किंवा फार झिजलेला दात पंखासाठी योग्य नाही. वरचे दात खालच्या दातांना फार झाकत असतील तर पंखाला जागाच उरत नाही. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर चिकट बंधावर रोज रात्री ताण येतो. अशांना रात्री वापरण्याचे संरक्षक आवरण आवश्यक असते. नखे कुरतडणे, दातांनी बाटलीचे झाकण उघडणे या सवयी सोडाव्याच लागतात.

प्रदेशानुसार काही मुद्दे वेगळे असतात. गुजरातच्या काही जिल्ह्यांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम, असे भारतीय मानक आहे. बालपणी त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग दिसतात. अशा एनॅमलवर आम्लाचा परिणाम वेगळा होतो आणि चिकटविण्याची पद्धत त्यानुसार बदलावी लागते. मावा, गुटखा, सुपारी चघळणाऱ्यांच्या दातांची झीज आणि हिरड्यांचे आजार हा दुसरा मुद्दा. हिरड्या आजारी असताना त्यांवर कोणताही ब्रिज उभारणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे होय.

उपचार कसा होतो

पहिल्या भेटीत दंतवैद्य हिरड्या, दात आणि चाव्याची तपासणी करतात, क्ष-किरण चित्र घेतात आणि जबड्यांचे साचे किंवा संगणकीय स्कॅन तयार करतात. कीट साचलेले असेल तर प्रथम दात साफ केले जातात. दात नुकताच काढलेला असेल तर हिरडी व हाड स्थिरावण्यासाठी साधारण तीन महिने थांबणे इष्ट असते. या काळात तात्पुरता दात देता येतो. घाईने कायमचा ब्रिज बसविला आणि नंतर हिरडी आणखी खाली गेली, तर कृत्रिम दाताखाली काळी फट दिसू लागते.

दातांचा रंग ठरविणे हे नाजूक काम आहे. ते दिवसाच्या उजेडात आणि दात ओले असतानाच करावे, कारण कोरडे पडलेले दात अधिक पांढरे दिसतात. दात उजळून घेण्याचा विचार असेल तर तो उपचार आधी उरकावा; कृत्रिम दात नंतर उजळत नाही. त्यानंतर आवश्यक तर एनॅमलमध्ये उथळ खाच घेऊन अंतिम माप प्रयोगशाळेकडे जाते.

ब्रिज तयार होऊन आला की तो तोंडात ठेवून रंग, आकार व चावा पाहतात. रुग्णाने आरशात पाहून आपले मत स्पष्ट सांगण्याची हीच वेळ असते. चिकटविल्यावर बदल करणे कठीण. चिकटविताना दात पूर्ण कोरडा राहणे हा साऱ्या उपचाराचा प्राण आहे. लाळेचा एक थेंबही बंध कमकुवत करतो. म्हणून दाताभोवती रबराचा पातळ पडदा, म्हणजे रबर डॅम, लावतात. एनॅमलवर आम्ल लावणे, धुणे, सुकविणे, प्रायमर, सिमेंट, पंख दाबून धरणे आणि जादा सिमेंट काढणे, असा क्रम असतो. शेवटी चावा पुन्हा तपासतात. कृत्रिम दातावर खालचा दात जोराने आदळू नये, हनुवटी पुढे-मागे व बाजूला सरकविताना त्यावर ताण येऊ नये, याची खात्री करून घ्यावी लागते.

धातूच्या पंखाचा एक दोष आहे. समोरच्या दाताची कड पातळ व पारदर्शक असेल तर मागचा धातू तिला करडी छटा देतो. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी ती आधी सांगणे आवश्यक आहे, कारण या कामाच्या मिश्रधातूंत निकेल असू शकते. झिर्कोनियाच्या पंखाला या दोन्ही अडचणी नाहीत. मात्र त्याला कृत्रिम दाताशी जोडणारा सांधा पुरेसा जाड ठेवावा लागतो आणि चिकटविण्याची शिस्त अधिक कडक पाळावी लागते. याशिवाय काचतंतूंनी बळकट केलेल्या रेझिनचा ब्रिज दंतवैद्याच्या खुर्चीवरच एका बैठकीत तयार करता येतो. काढावा लागलेला रुग्णाचा स्वतःचाच दात चांगल्या स्थितीत असेल तर त्याचे मूळ कापून वरचा भाग या पद्धतीने शेजाऱ्याला जोडता येतो. हे उपाय स्वस्त व तत्काळ आहेत, पण बहुधा मध्यम मुदतीचे.

अपघातात दात निखळला तर आधी हे करावे

फुटबॉलच्या मैदानावर कोपर लागून किंवा दुचाकीवरून पडून समोरचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर ब्रिजचा विचार नंतरचा. तो दात परत त्याच जागी बसविता येऊ शकतो. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला हात लावू नये, ते घासू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने अगदी क्षणभर धुवावे. जखमी व्यक्ती शुद्धीवर असेल तर दात लगेच खाचेत बसवून स्वच्छ रुमाल हळूच चावून धरण्यास सांगावे. ते जमत नसेल तर दात दुधात ठेवून तत्काळ दंतवैद्याकडे जावे. मुळावरचे तंतू कोरडे पडून मरण्यापूर्वी, शक्यतो तासाभराच्या आत, उपचार सुरू व्हायला हवेत. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. खेळाडूंनी दातांचे संरक्षक आवरण वापरणे हा या साऱ्याहून स्वस्त उपाय आहे.

बसविल्यानंतरची काळजी

मेरीलँड ब्रिजने सफरचंद कापून, पोळी तोडून, भाजी खाऊन जेवता येते; परंतु समोरच्या दातांचा हत्यारासारखा वापर करता येत नाही. कुर्ल्यांचे डेंगे फोडणे, उसाचे कांडे सोलणे, काजूचे टरफल तोडणे, उत्तरायणातली कडक चिक्की समोरच्या दातांनी मोडणे टाळावे. ऊस किंवा कडक पदार्थ खायचाच असेल तर तुकडे करून मागच्या दाढांनी खावा.

रोज दोनदा फ्लोराइड असलेल्या पेस्टने ब्रश करावा. कृत्रिम दाताच्या खाली व पंखाच्या कडेला साचणारे अन्न ब्रशने निघत नाही. त्यासाठी जाडसर फ्लॉस किंवा दातांच्या फटीतला छोटा ब्रश वापरावा. एका पंखाच्या ब्रिजमध्ये दुसरी बाजू मोकळी असल्याने ही सफाई तुलनेने सोपी असते. दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. दोन पंखांचा जुना ब्रिज ज्यांच्या तोंडात आहे त्यांनी पंखाखाली खारट किंवा आंबट चव येणे, वास येणे, थंड पाण्याने शिवशिवणे या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. त्या एक पंख सुटल्याच्या असू शकतात.

ब्रिज सुटला तर घाबरण्याचे कारण नाही. तो स्वच्छ धुऊन डबीत ठेवावा आणि दंतवैद्याकडे न्यावा. पंख वाकलेला किंवा तुटलेला नसेल तर पुष्कळदा तोच पुन्हा चिकटविता येतो. घरगुती गोंदाने तो चिकटविण्याचा प्रयत्न कधीही करू नये. गोंदाचा थर दोन्ही पृष्ठभाग बिघडवितो, त्यातील रसायने हिरडीला इजा करतात आणि दुरुस्त होण्याजोगा ब्रिज टाकून द्यावा लागतो. वारंवार सुटणारा ब्रिज मात्र निवड किंवा चावा चुकल्याची खूण आहे. तेव्हा पुन्हा चिकटविण्याआधी कारण शोधले पाहिजे.

कुठे आणि कोणाकडे

कृत्रिम दंतशास्त्र, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्स, ही दंतवैद्यकाची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे. रेझिनने चिकटविण्याच्या ब्रिजचा अनुभव असलेले सर्वसाधारण दंतवैद्यही हे काम उत्तम करतात. प्रश्न पदवीपेक्षा सरावाचा अधिक आहे. गोव्यात बांबोळी येथे १९८० साली सुरू झालेले गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. बडोद्यात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांसाठी वाघोडिया तालुक्यातील पिपरिया येथील सुमनदीप विद्यापीठाचे के. एम. शाह दंत महाविद्यालय, तसेच शहरातील मनुभाई पटेल दंत महाविद्यालय यांसारख्या संस्था आहेत. दंत महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार होत असल्याने वेळ अधिक लागतो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी असतो. खर्चाच्या दृष्टीने मेरीलँड ब्रिज बहुधा इम्प्लांटपेक्षा स्वस्त पडतो. त्यात शस्त्रक्रिया नसते आणि भेटीही कमी लागतात.

एका गावात उपचार घेऊन दुसऱ्या गावी राहणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. ब्रिज कोणत्या पदार्थाचा आहे, पंख कोणत्या दातावर आहे, कोणते सिमेंट वापरले, केव्हा बसविला, याची लेखी नोंद आणि क्ष-किरण चित्रे स्वतःजवळ ठेवावीत. बडोद्यात बसविलेला ब्रिज सुटीत मडगावात सुटला तर तिथल्या दंतवैद्याला हाच कागद उपयोगी पडतो. पदार्थ ठाऊक असल्याशिवाय पुन्हा चिकटविण्याची योग्य पद्धत निवडता येत नाही.

उपचाराला संमती देण्यापूर्वी रुग्णाने विचारावयाचे प्रश्न मोजके आहेत. शेजारचा कोणता दात किती तासला जाणार? तो न तासता काही करता येईल काय? पंख एक की दोन, आणि दोन असतील तर का? माझ्या चाव्यात तो टिकेल काय? सुटला तर पुढे काय? पाच-दहा वर्षांनी दुसरा उपचार करावासा वाटला तर कोणते मार्ग खुले राहतील? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी नाराज होत नाही. काही रुग्णांना त्याचे उत्तर ‘तुमच्यासाठी हा ब्रिज योग्य नाही’ असेही मिळेल आणि ते उत्तरही तितकेच मोलाचे आहे.

गेलेला दात परत येत नाही. त्याच्या जागी काय बसवायचे हे मात्र रुग्ण आणि दंतवैद्य मिळून ठरवू शकतात. हा निर्णय घेताना दिसणाऱ्या पोकळीइतकेच लक्ष तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या निरोगी दातांकडे द्यायला हवे. इम्प्लांट पुढे करता येतो, कॅपही पुढे बसविता येते. तासून टाकलेले एनॅमल परत मिळविण्याचा उपाय अद्याप कोणाजवळही नाही.